माग

शेळी पहाटे कधीतरी गेली होती. आम्ही पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. वाड्याखालच्या ओहोळात पाणी आटून हातभर चिखल उरला होता आणि त्याच्या काठाशी चार-पाच माणसं नुसतीच उभी होती. चिखलात मधोमध एक घमेलं पालथं घातलेलं. कोंबड्यांनी उकरू नये, पोरांनी तुडवू नये म्हणून सकाळीच कुणीतरी ते तिथं झाकून ठेवलं होतं.

ही जागा मुळशी तालुक्याच्या पश्चिम टोकाला, ताम्हिणीच्या वरच्या अंगाला. गवळी धनगरांची चार घरं, त्यांना लागून गुरांचा गोठा, मागं कारवीचं रान. मे महिना सरत आला होता. वनरक्षक तरुण होता, बहुधा वर्षभरापूर्वी नोकरीला लागलेला. त्यानं घमेलं अलगद उचललं, खिशातली टेप काढली, शेजारी पेन ठेवून मोबाईलवर फोटो घेतला.

"पगमार्क चांगला उमटलाय. एकच आहे का, बाबा?"

"मार्क न्हाई सायेब, पाऊल हाय," म्हातारबाबा म्हणाले. त्यांनी काठी उचलून चिखलापलीकडं, खडकावरून वर कारवीकडं रेघ ओढल्यासारखी फिरवली. "आन् माग हितनं वर गेलाय."

मी काठीच्या दिशेनं पाहिलं. खडक होता, वाळलेलं गवत होतं, थोडा पाचोळा. मला काहीच दिसलं नाही. वनरक्षकालाही दिसलं नसावं, कारण तो खाली बघून टेपवरचा आकडा वहीत उतरवत होता. त्या दिवशी घरी येताना डोक्यात शेळी नव्हती, बिबट्याही नव्हता. एकाच चिखलापुढं उभ्या असलेल्या दोन माणसांचे हे दोन शब्द होते.

आपल्या वर्तमानपत्रांत एक वाक्य ठरलेलं असतं: अमुक शिवारात बिबट्याच्या पगमार्कचे ठसे आढळल्याने घबराट. यात घबराट सोडली तर उरलेलं सगळं एकच आहे. मार्क म्हणजे ठसा. त्याच्या आधीचा 'पग' हाही इंग्रजीत शिरला तो ठसा याच अर्थानं. म्हणजे वार्ताहर जे लिहितो ते ठशाच्या ठशाचे ठसे. पिवळा पीतांबर त्यापुढं बरा, त्यात पुनरुक्ती एकदाच आहे.

'पग' मूळचा इंग्रजी नाही, हिंदुस्तानी आहे. पग म्हणजे पाय, पाऊल. हिंदीत पगडंडी म्हणजे पायवाट, पग-पग पर म्हणजे पावलोपावली. यूल आणि बर्नेल या जोडीनं अँग्लो-इंडियन शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा प्रसिद्ध कोश १८८६ साली काढला. त्यात 'पग' आहे. संस्कृत 'पदक'शी त्याचं नातं लावलं आहे, आणि अर्थ दिला आहे तो वाघासारख्या जनावराच्या पावलाच्या खुणेचा. साहेबाच्या तोंडी जाताना शब्द पायातून निसटून जमिनीवर उतरला होता. पुढं त्यालाही ते पुरेसं स्पष्ट वाटेना, तेव्हा त्यानं वर 'मार्क' जोडला. शिकारी, मचाण हे शब्द त्याच रानातून, त्याच काळात इंग्रजीत गेले. मग जिम कॉर्बेटचं कुमाऊंच्या नरभक्षकांवरचं पुस्तक १९४४ मध्ये आलं, जगभर वाचलं गेलं, आणि पगमार्क हा जंगलाच्या इंग्रजीचा कायमचा रहिवासी झाला. आता तो इंग्रजी शब्द म्हणूनच आपल्याकडं परत आला आहे. वनखात्याच्या प्रशिक्षणात, निसर्ग शिबिरात, मुळशीच्या शनिवार-रविवारच्या फार्महाऊसवर.

तिथं त्याची गंमतही होते. पग म्हटलं की शहरातल्या पोराला चपट्या नाकाचं, सुरकुतल्या कपाळाचं, मोबाईलच्या जाहिरातीतलं कुत्रं आठवतं. त्या पगशी या पगचा काही संबंध नाही. तसाच पगाराशीही नाही. पगार पोर्तुगीजांनी दिला.

हॉब्सन-जॉब्सनमध्ये 'पग'च्या पाठोपाठ 'पगी' येतो. पगी हा धंदा: पावलांवरून चोर शोधून काढणाऱ्याचा. गुजरातेत आणि माळव्यात गावोगाव असे पगी असत, गावाकडून त्यांना ठरलेला हक्क मिळे; जॉन माल्कमनं मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात त्यांची नोंद केली आहे. हा धंदा अगदी अलीकडंपर्यंत जिवंत होता. बनासकांठ्याचे रणछोडदास पगी वाळूतली पावलं वाचून माणसं किती, ओझं किती, पाऊल किती जुनं हे सांगत. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत लष्करानं त्यांची मदत घेतली. सीमा सुरक्षा दलाच्या एका चौकीला त्यांचं नाव आहे.

मराठी मुलखात 'पगी' नव्हता. काम मात्र होतं, आणि त्याला शब्दही होता. त्याकडं येतो, पण आधी त्या घमेल्याखाली काय होतं ते नीट पाहू.

बिबट्याच्या पायाला आपण पंजा म्हणतो. फारसी पंज म्हणजे पाच, त्यावरून पंजा. पण चिखलात मोजाल तर बोटं चारच भरतात. मांजरकुळातल्या जनावराच्या पुढच्या पायाला पाच बोटं असतात खरी, पाचवं मात्र मनगटाकडं वर चढलेलं असतं, ते जमिनीला टेकतच नाही. मागच्या पायाला चारच. पंजा हा शब्द आपण हात बघून ठेवला, जमीन बघून नाही.

चार बोटांच्या मागं मोठी गादी असते. तिच्या मागच्या कडेला तीन गोलवे. समोर नखांची टोकं उमटलेली नसतात, कारण मांजरं चालताना नखं म्यानात ठेवतात. नखं दिसली की तो कुत्रा, कोल्हा किंवा तरस. तरसाची आणखी एक ओळख: त्याचा पुढचा पाय मागच्यापेक्षा चांगलाच मोठा पडतो. बिबट्याचं पाऊल पूर्ण वाढलेल्या जनावरात साधारण ७ ते ९ सेंटिमीटर रुंद. १२ च्या पुढं गेलं तर पट्टेरी वाघाकडं संशय न्यावा. मुळशीत तशी वेळ येत नाही. तिथं बिबट्यालाच वाघ म्हणतात, किंवा वाघरू. पट्ट्यांचा असेल तर तो ढाण्या वाघ, आणि तो आता फक्त बोलण्यात उरला आहे.

डावा पाय की उजवा, हेही ठशातून कळतं. आपलं मधलं बोट जसं सगळ्यांत पुढं, तसं बिबट्याच्या मधल्या दोन बोटांपैकी आतल्या अंगाचं बोट किंचित पुढं असतं. ठशात उजवीकडचं बोट पुढं आलं असेल तर पाऊल डावं. मला हे वनरक्षकानं दाखवलं. त्याला त्याचं शिक्षण चांगलं येत होतं, हे इथं नोंदवलं पाहिजे.

आणि बिबट्या ज्यावर चालतो तो सगळा पाय नव्हेच. तो बोटांवर चालतो. टाच त्याची हवेत असते. कुत्र्याच्या किंवा मांजराच्या मागच्या पायाला उलटा वळलेला गुडघा असतो असं आपण लहानपणी समजतो, तो खरं तर घोटा. गुडघा त्याच्याही वर, पोटाशी लपलेला. शास्त्रीय मराठीत अशांना अंगुलिचारी म्हणतात. अख्खा तळवा टेकून चालणारी निराळी: आपण, अस्वल, साळिंदर. आणि बोटांच्याही टोकावर, म्हणजे नखावर उभी राहणारी ती खुरी. त्यांतही गाय, भेकर, रानडुक्कर ही समखुरी, दोन खुरांवर तोलणारी. घोडा विषमखुरी, एकाच बोटावर. खूर म्हणजे जाड झालेलं नखच. लाळ्या-खुरकतीच्या साथीत बैलाच्या खुरांमधली कातडी चिघळते तेव्हा तो का लंगडतो, हे त्याला नखाच्या टोकावर उभं असलेलं जनावर समजून पाहिलं की लगेच पटतं.

त्याच ओहोळाच्या काठी भेकराची इवलीशी टोकदार जोडखुरं होती. रानडुकराचं खूर मोठं, आणि त्याच्या मागं दोन बाजूंना फाकलेल्या नख्यांचे टोचे. साळिंदराचा तळवा जवळजवळ लहान मुलाच्या पायासारखा, वर ओढत गेलेल्या काट्यांच्या बारीक रेघा. इंग्रजीत हरणाच्या खुणेला वेगळा शब्द आहे, आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांचा डच वळणाचा वेगळा आहे, आणि पगमार्क हा गादीदार पायाच्या जनावरांसाठी, त्यातही मांजरकुळासाठी. खुरांच्या खुणेला जाणकार पगमार्क म्हणत नाहीत. आपली वर्तमानपत्रं मात्र गव्याचेही पगमार्क छापतात.

पावलांच्या खुणा ओळखायची विद्या रानातच राहिली असंही नाही. चातुर्मासात दारापुढं गोपद्मं काढणाऱ्या आजीला गाईचं जोडखूर कसं पडतं हे कुणी शिकवायला लागत नसे. ती तेहेतीस पद्मं काढायची, मोजून. गौरी आणताना हळदीकुंकवाची पावलं काढायची ती बाहेरून आत येणारी, उलटी काढली तर घरातली मोठी बाई पुसायला लावायची. दिशा चुकली की नुसत्या आकाराला अर्थ नाही हे त्या घरातल्या लहान मुलीलाही ठाऊक असे.

दिशा सुटली की काय होतं याचं एक मोठं उदाहरण आपल्या देशात घडून गेलं आहे.

ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये वाघ मोजायची एक रीत बसवली. हे तेच चौधरी, ज्यांच्या घरात खैरी नावाची वाघीण वाढली आणि जे पुढं सिमलीपालच्या व्याघ्र प्रकल्पाचे पहिले क्षेत्र संचालक झाले. रीत साधी होती. ठरावीक दिवसांत सगळे वनरक्षक एकाच वेळी रानात उतरायचे, रस्त्यांवर आणि नाल्यांत पावलं शोधायची. सापडलेल्या पावलांपैकी डावं मागचं पाऊल निवडायचं. लाकडी चौकटीत बसवलेली काच ठशावर धरून वरून पेनानं आकार गिरवायचा, मग तो कागदावर उतरवायचा. जमलं तर प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून साचा काढायचा. चालताना मागचा पाय बऱ्याचदा पुढच्याच्या ठशावर किंवा त्याच्या जवळ पडतो, त्यामुळं मागचं पाऊल अखंड मिळण्याचा संभव जास्त. डावंच का, तर सगळ्यांनी एकच घ्यावं म्हणून. दोन जनावरांची डावी मागची पावलं सारखी नसतात, हे त्यामागचं गृहीत. ठसे नीट उमटावेत म्हणून वाटांवर बारीक माती चाळून पट्टे तयार करीत.

१९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणनेत या रीतीनं वाघ निघाले १,८२७. आकडा ऐकून देश हबकला आणि पुढच्या वर्षी, १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. एवढं एका काचेच्या तुकड्यानं करून दाखवलं, हे विसरता येत नाही. चौधरींच्या आधी देशभर मोजायची एकसारखी पद्धत नव्हती, आणि त्यांची रीत गरीब खात्याच्या पायी हिंडणाऱ्या माणसाला परवडेल अशी होती.

पण पाऊल हे एकट्या पायाचं नसतं. त्यात जमिनीचाही वाटा असतो. ओल्या चिखलात तोच पाय फुगून पडतो, बारीक धुळीत आखडतो. चढावर बोटं रुततात, उतारावर गादी. पळताना बोटं फाकतात. आणि काचेवर गिरवणाऱ्याचा हात प्रत्येकाचा वेगळा. उल्हास कारंत यांच्यासारखे जीवशास्त्रज्ञ हे वर्षानुवर्षं सांगत होते. २००३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या रीतीच्या उणिवांवर शोधनिबंधही लिहिला. ऐकलं गेलं ते सरिस्का रिकामं झाल्यावर. २००५ च्या सुरुवातीला उघड झालं की राजस्थानच्या त्या प्रकल्पात एकही वाघ उरलेला नाही, आणि कागदावर त्यांचे ठसे मात्र वर्षाच्या वर्षाला हजर होते. त्यानंतर मोजणी कॅमेऱ्याच्या सापळ्यांवर आणि पट्ट्यांच्या नक्षीवर गेली. २००६ च्या नव्या पद्धतीच्या पहिल्या अंदाजात आकडा आला १,४११. पावलं आजही पाहिली जातात, पण जनावर आहे की नाही एवढंच विचारायला. कितवं आहे हे आता त्यांना कुणी विचारत नाही.

मला यात दोष पावलांचा वाटत नाही. एक पाऊल वाटेतून उचलून, काचेखाली घालून, त्याला ओळखपत्रासारखं वापरायला घेतलं, तिथं चूक झाली. म्हातारबाबांनी त्या सकाळी घमेल्याखालच्या ठशाकडं जेमतेम पाहिलं. त्यांचं लक्ष पुढं होतं. पाचोळ्याचं एक पान उलटलेलं, त्याची ओली बाजू वर आलेली. गवताची काडी एका बाजूला मोडलेली. खडकावर वाळलेल्या चिखलाचा, बोटाच्या टोकाएवढा बारीक तुकडा. हे मला नंतर, वर चढताना त्यांनी एकेक करून दाखवलं, काहीशा कंटाळ्यानं, जसं अक्षरओळख नसलेल्या माणसाला पाटी वाचून दाखवावी. त्यातलं कुठलंही एकटं घेतलं तर त्याला काही अर्थ नव्हता. पान वाऱ्यानंही उलटतं. सगळी ओळीनं घेतली की त्यांचा माग होत होता.

माग हा शब्द कुठून आला हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. संस्कृत मार्ग, प्राकृत मग्ग, मराठी माग. मार्ग म्हणजे रस्ता हे शाळेत शिकलेलं, तेव्हा वाटतं की रस्त्यावरून खुणेपर्यंत अर्थ घसरत आला असेल. घडलं आहे नेमकं उलटं. मार्ग हा 'मृग'पासून झालेला शब्द. मृगाचा तो मार्ग. आणि मृग म्हणजे तेव्हा हरीण नव्हे. मृग म्हणजे कुठलंही रानचं जनावर. म्हणून सिंह मृगेंद्र होतो, फांद्यांवरचं माकड शाखामृग होतं आणि राजा मृगयेला जातो तेव्हा डुकरंही मारतो. या सगळ्याच्या तळाशी 'मृग्' म्हणजे शोधणं, माग काढणं. ज्याला शोधायचं तो मृग, तो ज्यावरून गेला तो मार्ग. जनावर आधी चाललं, त्याच्या पाठोपाठ माणूस, मग बैल, आणि शेवटी डांबर.

संस्कृतानं आणि त्याच्यामागून शिष्ट मराठीनं मार्गाला मोठं केलं. भक्तिमार्ग झाला, मार्गदर्शक झाला, जलदगती मार्ग झाला. रानात राहणाऱ्यानं शब्दाचं टोक झिजवलं, त्याचा माग केला, पण अर्थाला हात लावला नाही. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी जो अर्थ होता, जनावर गेल्याची खूण, तोच घेऊन हा शब्द ताम्हिणीच्या वरच्या वाड्यावर काठीच्या टोकाला उभा होता. मला वाटतं, ज्या माणसाला शब्द रोज वापरून शेळ्या राखायच्या असतात, त्याला अर्थ बदलायची चैन परवडत नाही.

या मागाचं घर मोठं आहे. मागे म्हणजे पाठीमागं, तोही इथलाच: जो मागावर असतो तो मागे असतो. मागोवा घेतात तो इथलाच. एखाद्याचा मागमूस लागत नाही, पोलीस मागावर असतात. आणि ज्याचा कधी संशय येत नाही तो 'मागणे'. संस्कृतात मार्गणं म्हणजे शोधणं, धुंडाळणं. शोधता शोधता प्राकृतात त्याचं मागणं झालं. देवापुढं आपण मागणं मागतो तेव्हा कुणाच्यातरी मागावर असतो, हे भाषेला माहीत आहे.

पदाच्या घरातही असाच एक छुपा पाहुणा आहे. संस्कृतात पद म्हणजे पाऊल आणि पावलाची खूण दोन्ही. पदवी म्हणजे पावलांची वाट, माग. आज पदवी फ्रेममध्ये घालून भिंतीला टांगतात. वनरक्षकाकडं ती होतीच. म्हातारबाबांकडं जुन्या अर्थाची होती.

मराठी मुलखात पगी नव्हता, त्याचं काम मात्र होतं असं वर म्हटलं. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं १८१९ मध्ये या प्रांताच्या कारभाराचा अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराचं काम नोंदलं आहे. कुठं महार, कुठं रामोशी, कुठं भिल्ल. गावात चोरी झाली की राखणदारानं चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग शिवेपलीकडं गेला की पुढच्या गावच्या राखणदाराला बोलावून, पावलाचं माप त्याच्या हवाली करायचं. तिथून जबाबदारी त्या गावाची. तेही गाव माग पुढं नेऊन देऊ शकलं नाही, तर चोरीची भरपाई त्यानं द्यायची. एखाद्या मुलखाचा फौजदारी कायदा धुळीतल्या पावलांवर उभा होता, हे आज ऐकायला विचित्र वाटतं. त्याच कारणानं माग मोडण्याची कलाही गावोगाव होती: ओढ्यातून चालत जाणं, गुरांच्या कळपामागून जाणं, वहाणा उलट्या बांधणं. पुढं पोलीस ठाणी आली आणि राखणदारांचे हक्क गेले. माग काढणारे लोक संशयितांच्या यादीत जाऊन बसले. उमाजी नाईक पुण्यात १८३२ मध्ये फासावर गेला तो याच रामोशी राखणदारांतला; त्याच्या बंडामागं राखणदारीचे हे हिरावलेले हक्क होते.

मुळशीत तर मागच बुडाले. मुळा आणि निळा यांच्या खोऱ्यात टाटांच्या विजेसाठी धरण बांधायला घेतलं. त्याविरुद्ध १९२१ च्या एप्रिलात मावळ्यांनी सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापट त्यात सेनापती झाले. धरण झालंच. आंबेमोहोराची भातखाचरं पाण्याखाली गेली, गावं वर सरकली, आणि खोऱ्यातून कोकणात उतरणाऱ्या कितीतरी पायवाटांचे खालचे तुकडे तळ्यात राहिले. जनावरांनी मात्र नवी मांडणी केली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तळ्याच्या काठाला जो गाळाचा पट्टा उघडा पडतो, त्यावर पहाटे गेलं तर भेकर, डुक्कर, ससा, मुंगूस, बिबट्या सगळ्यांची ये-जा एकावर एक पडलेली दिसते. ताम्हिणीला २०१३ मध्ये अभयारण्य झालं. त्याची हद्द नकाशावर आहे. गाळावर ती दिसत नाही.

वनरक्षकाचा पंचनामा तासाभरात झाला. शेळीचं धड वर करवंदीच्या जाळीत सापडलं, तिथपर्यंत आम्हाला म्हातारबाबांनीच नेलं. ते जागचं हलवू नका एवढं तो दोनदा बजावून सांगत होता, कारण हलवलं तर भरपाईचं प्रकरण अडकतं. मानेवरचे दातांचे खोक मोजले. जागा, वेळ, साक्षीदार. 'पुराव्याचा प्रकार' या रकान्यात त्यानं लिहिलं, पगमार्क. मी विचारलं, माग असं लिहिलं तर चालेल का? तो हसला. "सर, माग लिहिलं तर वरचे म्हणतील कशाचा? पगमार्कला मोजमाप असतं." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कागदाला ठसा लागतो. माग वहीत मावत नाही, तो चालत जाऊनच दाखवावा लागतो, आणि वरचे एवढ्या वर चालत येत नाहीत.

सहीच्या वेळी म्हातारबाबांनी डावा अंगठा पुढं केला. शाईचं पॅड वाळलेलं होतं, वनरक्षकानं त्यावर बाटलीतलं थोडं पाणी टाकलं. अंगठा उमटला तो पसरट, मधे रेघा पुसलेल्या, आयुष्यभर दोर ओढून झिजलेला. वनरक्षकानं त्याच्याशेजारी कंस करून लिहिलं, डावा अंगठा.

उतरताना मी विचारलं, "बाबा, हे पाऊल किती दिवस टिकतं?"

"मिरगापत्तूर."

मिरग म्हणजे मृग नक्षत्र, सात-आठ जूनचं. थंडीत रात्री आभाळात हे सगळं नाटक उघड दिसतं: मृगाच्या पोटात घुसलेला तीन चांदण्यांचा बाण, आणि त्याच रेषेत पाठीमागं लखलखणारा व्याध, माग न सोडणारा. जूनमध्ये सूर्य तिथं येतो, मृग दिसेनासा होतो आणि पाऊस सुरू होतो. वाड्यावर त्याची खूण तांबडा मखमली मिरगाचा किडा. एकाच शब्दाच्या दोन वंशजांचं हे वैर मी आधी कधी लक्षात घेतलं नव्हतं. मिरग येतो आणि माग धुऊन नेतो.

त्या वर्षी त्याचीही वाट बघावी लागली नाही. आम्ही ओहोळाशी परत आलो तेव्हा प्लस व्हॅलीच्या अंगानं ढग चढत होते. वळवाचे थेंब, मोठे आणि विरळ, चिखलावर आपटायला लागले. वनरक्षकानं कागद शर्टात घातले. चार बोटांच्या आणि गादीच्या खोलग्यात पाणी साचलं, एवढंसं, चिमणीला पुरेल इतकं. म्हातारबाबांनी वाकून घमेलं उचललं, आतली माती झटकली आणि डोक्यावर धरलं.

"झाका ना परत," मी म्हटलं.

"कशापायी? ते पोचलं आसंल आता तिकडं." आणि घमेल्याखालून ते वाड्याकडं चालायला लागले.